बिनमोरचुदाची खळ

मागच्या वर्षी जुलैमध्ये शाळा सुटल्यावर आठवीतली एक मुलगी वर्गाच्या दारात रेंगाळत उभी होती. काय गं, म्हणून विचारलं, तर म्हणाली, "टीचर, खळ खराब होऊ नये म्हणून काय घालायचं?"

मी उर्दू आणि मराठी शिकवते. हा प्रश्न माझ्या तासाचा नव्हे. पण जूनमध्ये एका पाठाच्या निमित्ताने मी वर्गात सांगून बसले होते, की आमच्या लहानपणी घरी रद्दीच्या पिशव्या चिकटवायचं काम चालायचं. ते या मुलीने घरी जाऊन सांगितलं. तिची अम्मीही तेच काम करते. आता रद्दीच्या नव्हे, खाकी कागदाच्या पिशव्या, एका मिठाईच्या दुकानासाठी. २०१८ मध्ये महाराष्ट्रात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हापासून हे काम पुन्हा चालू झालंय. पण पावसाळ्यात मैद्याची खळ दोन दिवसांत आंबते, पिशव्यांना वास येतो, आणि मिठाईवाला वासाची पिशवी घेत नाही.

"गल्लीतले बाइंडिंगवाले चाचा म्हणाले, मोरचूद घाल," मुलगी म्हणाली. "घालू का?"

मी एकदम "नाही" म्हणाले. इतक्या मोठ्याने, की ती दोन पावलं मागे सरली.

हे "नाही" चाळीस वर्षांपूर्वीचं होतं.

आमचं घर इचलकरंजीला. अब्बा सायझिंगमध्ये कामाला होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मागावर चढण्याआधी ताण्याच्या सुताला कांजीतून काढतात, म्हणजे धागा मागाचे धक्के सोसतो, तुटत नाही. त्या कांजीची मोठमोठी भांडी वाफेवर शिजत असायची. अब्बांच्या कपड्यांना, केसांना, डब्याला तोच वास. आणि घरी अम्मीच्या खळीचा वास. मी पाच-सहा वर्षांची होईपर्यंत मला वाटायचं, सगळ्यांच्या घरांना असाच वास असतो. शाळेत गेल्यावर कळलं की नसतो. बाकावर माझ्याशेजारी बसणाऱ्या मुलीने एकदा नाक धरलं होतं. ती मुलगी आता कुठे असते ठाऊक नाही, पण तिचं ते नाक धरणं मला अजून आठवतं.

दुपारी जोहरची नमाज झाली की अम्मी कामाला बसायची. वर्तमानपत्राचे ताव मापाने कापलेले असायचे. एक घडी, दुसरी घडी, बोटाने खळीची रेघ, तळाशी दुमड, पुन्हा रेघ, तळहाताने दाब. शंभर झाल्या की सुतळीने गठ्ठा. पैसे शेकड्यावर मिळायचे. चार मुलं, अब्बांचा पगार आणि हे गठ्ठे, एवढ्यावर घर चालत होतं.

पावसाळा आला की हिशेब बिघडायचा. पंचगंगेला पाणी चढायचं तशी आमच्या भिंतींना ओल चढायची. खळ आंबायची, तिच्यावर हिरवट केसाळ बुरशी यायची, ओल्या पिशव्यांना झुरळं लागायची. एका व्यापाऱ्याने एकदा सात गठ्ठे परत पाठवले. तेव्हा कुणीतरी अब्बांना मोरचुदाचा उपाय सांगितला. हरभऱ्याएवढा निळा खडा कुटून खळीत घातला की तिला कीड लागत नाही, बुरशी येत नाही. खोटं नव्हतं ते. जिल्दसाजांची ती जुनी रीतच आहे. आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात द्राक्षाच्या बागांवर जे बोर्डो मिश्रण मारतात, तेही चुना आणि मोरचुदाचंच. मोरचूद बुरशीला मारतं, आणि पोटात गेलं तर माणसालाही सोडत नाही.

ते साल १९८५ असावं. मी आठ वर्षांची, धाकटा मुन्ना तीनचा. अम्मी शेजारी कुणाची तरी तब्येत बघायला उठली. जाताना मला म्हणाली, "वाडगा कोनाड्यात ठेव." मी हो म्हणाले. माझ्या हातात गोष्टीचं पुस्तक होतं, उर्दूतलं, मोठ्या बहिणीने शाळेतून आणलेलं. पान संपवून उठते, असं मनात होतं. मुन्नाला खळ गोड वाटली की काय कोण जाणे, त्याने दोन बोटांनी वाडग्यातली बरीचशी खाल्ली. अम्मी आली तेव्हा तो ओकत होता, आणि ओकारी निळसर हिरवी होती.

सरकारी दवाखान्यात त्याला रात्रभर ठेवलं. सकाळी तो बरा झाला, अल्हम्दुलिल्लाह. ओकारी लगेच झाली म्हणून वाचला, असं डॉक्टर म्हणाले. आणखीही बरंच काही म्हणाले, अम्मीला. गल्लीतही म्हणाले. अम्मीने कुणालाही उत्तर दिलं नाही. "वाडगा कोणी खाली ठेवला" हे तिने मला कधीच विचारलं नाही. घरी येऊन उरलेलं मोरचूद अब्बांकडून लांब मातीत पुरून टाकवलं, आणि त्यानंतर आमच्या घरात बिनमोरचुदाचीच खळ झाली. म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने काम जवळजवळ बंद. त्या तीन महिन्यांत आम्ही काय खाल्लं आणि काय नाही, ते लिहीत नाही.

तर ही मुलगी आता माझ्यापुढे उभी होती, आणि तिच्या घरी दोन लहान भाऊ आहेत हे मला माहीत होतं. मी तिला म्हटलं, मोरचूद नको, मला चार दिवस दे.

आमच्या विज्ञानाच्या सरांनी एक शब्द दिला : डेक्स्ट्रिन. पाकिटाच्या कडेला वाळलेला डिंक असतो, जिभेने ओला केला की चिकटतो, तो पुष्कळदा हाच असतो. स्टार्च कोरडंच भाजलं की त्याचं डेक्स्ट्रिन होतं. कोरडं राहतं तोवर आंबत नाही. लागेल तेवढंच पाण्यात कालवायचं. मला इतकंच पुरलं.

स्टार्च म्हणजे आपल्या घरातलं काही वेगळं नव्हे. कुरडईसाठी गहू भिजवून, वाटून, गाळून जो चीक काढतो, तो निथळून तळाशी पांढरा थर बसतो ना, ते गव्हाचं स्टार्च. उर्दूत त्याला नशास्ता म्हणतात. दुकानात कॉर्नफ्लोअर म्हणून मिळतं ते मक्याचं. आम्ही तेच घेतलं, अर्धा किलो. मुलीने त्याचा विज्ञान प्रदर्शनासाठी प्रकल्प करायचं ठरवलं. शाळेत भाजायची सोय नव्हती, म्हणून रविवारी माझ्या घरी.

पहिला प्रयोग तव्यावर केला आणि वाया गेला. खालचं काळं, वरचं पांढरं, घरभर धूर. अम्मी हल्ली माझ्याकडेच असते. वय पंच्याहत्तरच्या पुढे, गुडघे गेलेत, पण नाक शाबूत आहे. आतल्या खोलीतून ओरडली, "क्या जलाई गे?" मी म्हटलं, काही नाही, रवा भाजतेय. खळीचं नाव काढायचं माझ्या जिवावर आलं.

दुसऱ्या रविवारी ओव्हन काढला. मुलांच्या नानखटाईसाठी घेतलेला, वर्षातून दोनदा चालणारा. ट्रेमध्ये स्टार्च बोटाच्या पेराएवढ्या थराने पसरलं. आधी तासभर १०० अंशांवर. स्टार्च कोरडं दिसत असलं तरी त्यात दहा-बारा टक्के ओल असते, ती आधी हळूहळू घालवली नाही तर गुठळ्या होतात. मग २०० च्या जरा खाली, तीन तास. दर पंधरा-वीस मिनिटांनी ट्रे बाहेर काढून लाकडी उलथन्याने खालवर करायचं. हे हलवणं चुकवलं तर कडा जळतात आणि मध्यभाग कच्चा राहतो. एक काळजी सांगते : पीठ उधळू देऊ नका, आणि पेटत्या गॅसपासून लांब राहा. हवेत उडालेलं कोरडं पीठ भडकन पेट घेतं. खिडकी उघडी ठेवा. लहान मुलाच्या भरवशावर हे काम सोडू नका, मोठ्यानेच करावं.

वास मात्र छान येतो. आधी लाह्यांचा, मग पावाच्या भाजलेल्या कडेचा. या वेळी अम्मी भिंतीला धरत धरत स्वयंपाकघरात आली आणि खुर्चीवर बसली. विचारलं काही नाही.

झालं की नाही हे नुसत्या रंगावरून कळत नाही, त्यासाठी परीक्षा आहे. आयोडीनची परीक्षा मुलांना पुस्तकात असते : बटाट्यावर थेंब टाकला की निळाकाळा डाग. औषधाच्या दुकानातून टिंक्चर आयोडीन आणलं. दर अर्ध्या तासाला ट्रेमधून चिमूट काढून स्टीलच्या वाटीत थंड पाण्यात ढवळायची आणि एक थेंब. पहिल्या तासाला पाणी निळंकाळं, आणि पीठ तसंच्या तसं तळाशी. पुढे जांभळं. अडीच तासांनी पिठाला सायीचा रंग आला, तेव्हा थेंब तांबूस जांभळा. तीन तासांनी पीठ मारी बिस्किटाच्या रंगाचं, आणि पाण्यात थेंब टाकला तर डाळिंबाच्या रसासारखा लाल. तळाशी जवळजवळ काही उरलं नव्हतं, सगळं थंड पाण्यातच विरघळलं. मुलीने वाट्या ओळीने मांडल्या, निळ्यापासून लालपर्यंत. मला विज्ञान फारसं कळत नाही, पण ती ओळ बघून मी पाच मिनिटं नुसती उभी राहिले.

सरांनी कारण समजावलं ते असं : स्टार्चची साखळी फार लांब असते. उष्णतेने ती तुटते, आणि तुकडे पुन्हा आडवेतिडवे, फांद्यांसारखे जुळतात. आयोडीनचा निळा रंग लांब साखळीमुळे येतो. साखळी आखूड झाली की निळा जातो, लाल येतो, आणि आणखी आखूड झाली की रंगच उरत नाही. डेक्स्ट्रिन हे नाव १८३३ साली बियो आणि पेर्सो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी दिलं. प्रकाशाची एक खास तपासणी असते, तीत हा पदार्थ प्रकाशाला उजवीकडे वळवतो, आणि लॅटिनमध्ये उजव्याला डेक्स्टर म्हणतात. त्याआधीची एक गोष्टही सांगितली जाते. १८२१ मध्ये आयर्लंडमध्ये डब्लिनजवळच्या एका कापड गिरणीला आग लागली. आग विझवल्यावर कामगारांच्या लक्षात आलं, की करपून तपकिरी झालेल्या स्टार्चवर पाणी पडून त्याचा चिकट डिंक झालाय. ही गोष्ट मी अम्मीला सांगितली. तिचं आयुष्य सायझिंगवाल्याच्या घरात गेलं. ती म्हणाली, "आमच्याकडे एवढी कांजी, पण कुणी कधी जाळून बघितली नाही."

आमच्या घरात खळीबद्दल निघालेलं हे कित्येक वर्षांतलं पहिलं वाक्य.

अर्धा किलो स्टार्चचं चारशे पस्तीस ग्रॅम डेक्स्ट्रिन झालं, ओल उडाली म्हणून. काचेच्या बरणीत भरलं. कालवायचं प्रमाण ऐकून अम्मीचा विश्वास बसेना. मैद्याच्या खळीला एक वाटी मैद्याला सहा वाट्या तरी पाणी लागतं. इथे एक वाटी पावडर आणि अर्धी वाटी कोमट पाणी, तेही थोडं थोडं घालत, नाहीतर गोळे होतात. होतो तो मधासारखा तपकिरी, ताणणारा डिंक. पाणी इतकं कमी असल्यामुळे कागद सुरकुतत नाही आणि रेघ लवकर वाळते. पावसाळ्यात पिशव्या वाळत घालायला जागा नसते, हे ज्यांनी भोगलंय त्यांना यातलं सुख कळेल.

मग तपासण्या सुरू झाल्या. मुलीने वही घातली. खाकी कागदाच्या बोटभर रुंद पट्ट्या, अंगठ्याएवढा भाग एकावर एक चिकटवलेला, रात्रभर वाळवलेला. एक टोक दाराच्या फटीत घट्ट, दुसऱ्याला बादली, आणि मापाने एकेक लिटर पाणी. सहाव्या लिटरनंतर पट्टी फाटली, पण जोडावर नाही, जोडाच्या शेजारी. अम्मी म्हणाली, "हेच बघायचं असतं. कागद फाटला पाहिजे, खळ नाही." तिने हे कुठे शिकलं असेल? तिचीही एक तपासणी होती : जोड सुटा करून बघायचा आणि उलट बाजूला कागदाचा भुगा चिकटून आला की खळ पास. सरांकडून कळलं की कारखान्यातही जोड असाच तपासतात.

सगळ्याच तपासण्या पास झाल्या असं नाही. आठ दिवसांनी उन्हात वाळलेली एक पिशवी दुमडली तर डिंकाच्या रेघेला कडकन चीर गेली. फार कोरडं झालं की डेक्स्ट्रिन काचेसारखं ठिसूळ होतं. त्यात थोडी साखर घातली, तर लवचीक झालं, पण दुसऱ्या दिवशी मुंग्यांची रांग. साखर बंद. ग्लिसरीन अर्धा चमचा घातलं, ते जमलं. कालवून ठेवलेल्या वाटीवर पाचव्या दिवशी बुरशी आली, म्हणजे आंबणं काही संपलेलं नाही. फक्त आता कालवून ठेवायची गरज नाही, संध्याकाळच्या कामापुरतं कालवायचं, वाटी धुऊन टाकायची. आणि ओलीची तपासणी : एक पिशवी रात्रभर न्हाणीघरात टांगली, ती टिकली. पण ओलं फडकं ठेवलं तर पाच मिनिटांत जोड सुटला. मैद्याच्या खळीचा जोड ओल्या फडक्याखाली त्याहून जास्त वेळ टिकला. हे मुलीला वहीत लिहायचं नव्हतं. प्रदर्शनात मार्क जातील म्हणून. मी म्हटलं, लिही. तुझी अम्मी पिशव्या विकते, पहिल्या पावसात गिऱ्हाईकाला कळणारच आहे.

एवढं सगळं होईपर्यंत ऑगस्ट निम्मा झाला होता. एका रविवारी मुन्ना आला, पुण्याहून, बायकामुलांसह. त्रेचाळीस वर्षांचा आहे, केस मागे सरकलेत, पण अम्मीसाठी अजून मुन्नाच. स्वयंपाकघराच्या टेबलावर पट्ट्या, वाट्या, बरणी बघून हसला. "आपा, या वयात सायंटिस्ट?" मी सांगत होते, तो ऐकत होता, आणि ऐकता ऐकता त्याने वाटीत बोट बुडवून तोंडात घातलं. "गोडसर आहे गं."

अम्मी किंचाळली. दुसरा शब्द नाही. खुर्चीवरून उठायला तिला एरवी दोघांचा आधार लागतो, ती एकटी उठली, मुन्नाचा हात धरून वाटी खाली पाडली आणि त्याच्या तोंडात बोट घालायला लागली, तीन वर्षांच्या मुलाच्या घालावं तसं. मुन्नाची मुलं दारात उभी राहून बघत होती. मी म्हणत होते, अम्मी, त्यात काही नाही, नुसता मका आहे, अम्मी. तिला ऐकू जात नव्हतं. थोड्या वेळाने ती खाली बसली. हात थरथरत होते.

मुन्नाला काही माहीत नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं. तो माझ्याकडे बघत राहिला.

अम्मीनेच सांगितलं. हळू, जमिनीकडे बघत. मोरचूद, वाडगा, दवाखाना, निळी ओकारी. "मी तुला विष चारलं होतं, बेटा," असं म्हणाली. डॉक्टरांनी तेव्हा हेच शब्द वापरले होते, आणि ते तिने तसेच जपून ठेवले होते, चाळीस वर्षं. मुन्ना तिच्याशेजारी फरशीवर बसला. त्याला काय बोलावं कळेना. शेवटी म्हणाला, "म्हणून मी असा सावळा का?" अम्मीने त्याला एक चापट मारली, आणि मग रडली.

तेव्हा मी बोलले. इतक्या वर्षांत जे बोलले नव्हते ते. की अम्मी, तू मला सांगून गेली होतीस वाडगा कोनाड्यात ठेव म्हणून, आणि मी ठेवला नाही. मी पुस्तक वाचत होते. तू नाही चारलंस. माझ्यामुळे झालं.

अम्मी डोळे पुसत होती, थांबली. बराच वेळ माझ्याकडे बघितलं. आणि म्हणाली, "त्या कोनाड्याला तुझा हात कुठं पुरत होता?"

मी आठवून बघितलं. आमच्या जुन्या घरातला तो कोनाडा, वर चिमणीचा कंदील ठेवायचा, खाली मीठ-मिरचीचे डबे. अम्मी टाचा उंचावून तिथलं काढायची. मला कधी तिथून काही काढल्याचं आठवत नाही. पुस्तक आठवतं, त्याचं पान आठवतं, पण हात पुरला असता की नाही हे माझ्या मनात कधी आलंच नव्हतं.

"घाईत बोलून गेले मी," अम्मी म्हणाली. "दाराच्या बाहेर पडले तेव्हाच लक्षात आलं. परत फिरायला पाहिजे होतं." आणि सांडलेल्या वाटीकडे बोट दाखवून म्हणाली, "ते पूस आधी, फरशीला चिकटेल."

मी फडकं ओलं करून आणलं. डिंक थंड पाण्यानेच निघाला.

प्रदर्शनात मुलीचा नंबर आला नाही. फिरत्या पवनचक्कीला आला. पण तिची अम्मी मला भेटायला आली आणि बरणीतली पावडर बघून पहिला प्रश्न तिने विचारला तो बरोबर होता : "लाइटबिल किती येतं?" हिशेब केला. घरी भाजलेलं डेक्स्ट्रिन मैद्याच्या खळीपेक्षा महागच पडतं, हे मान्य करायला हवं. तयार डेक्स्ट्रिन बाजारात मिळतं, बाइंडिंगचं सामान विकणाऱ्यांकडे विचारलं तर ते मागवून देतात. तिने किलोभर मागवलं. त्यावरही तिच्या मुलीने आयोडीनची परीक्षा केली आणि लाल रंग बघूनच पावडर डब्यात भरली. आता पावसाळ्यात डेक्स्ट्रिन आणि उन्हाळ्यात मैदा, असं तिने ठरवलंय. घरात दोन लहान मुलं असताना मोरचुदाचा खडा मात्र कुणी आणणार नाही, एवढं तिने मला न विचारताच सांगितलं.

माझ्या बरणीतलं मात्र अजून शिल्लक आहे, वर्ष होत आलं, दगडासारखं कोरडं. मुन्ना परवा फोनवर म्हणत होता, मुलांच्या शाळेत पाकिटं करायला सांगितलीत, थोडं पाठव. अम्मीने शेजारी बसून ऐकलं. मग माझ्याकडून खाकी कागद मागून घेतला आणि दुपारभर बसून पंचवीस पिशव्या केल्या, घडी, रेघ, दुमड, दाब. बोटं वाकडी झालीत, पण रेघ सरळ. पंचविसावी झाल्यावर बोटाला लागलेला डिंक तिने पदराला पुसायला नेला, मग थांबली, आणि बोट जिभेवर ठेवलं.

"खरंच गोड आहे," म्हणाली, आणि सुतळी मागितली.